जुन्या टेडीचा जोडधंदा : धुलाई, शिलाई आणि चोख जबान

जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरात माळ्यावर एक पोते बहुधा सापडतेच. त्यात मुलांनी खेळून टाकून दिलेली अस्वले, ससे, हत्ती आणि माकडे भरलेली असतात. मूल मोठे झाले की खेळणे मागे पडते. फेकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, अशी घरातल्यांची अडचण होते. भंगारवाल्याला या पोत्यात रस नसतो, कारण त्यात ना लोखंड, ना पत्रा, ना रद्दी. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देते, पण टेडी पाहून सहसा मान हलवते. म्हणजे माल आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे. त्याच्यावर हात फिरवणारा कारागीर तेवढा हवा आहे.

शिंपी, पिंजारी, फेरीवाले आणि घरबसल्या शिलाई करणाऱ्या भगिनी यांच्यासाठी आम्ही येथे या जोडधंद्याचा विचार करीत आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगणे जरूर आहे. हा माल लहान मुलाच्या उशाशी राहतो आणि तोंडातही जातो. जुन्या कपाटाच्या व्यवहारात थोडी ढिलाई खपेल, येथे खपणार नाही. धुतलेले खेळणे आणि खरे बोलणे या दोन गोष्टी ज्याला जमणार नाहीत, त्याने या वाटेला जाऊ नये.

शिंप्याच्या चिंधीतून निघालेला धंदा

मऊ खेळण्यांचा मोठा व्यापार उभा राहिला तो शिलाईकामातूनच. जर्मनीत मार्गारेट स्टाइफ नावाची एक शिवणकाम करणारी बाई होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिला चालता येत नसे. तिने १८८० मध्ये फेल्ट कापडाचा एक लहान हत्ती शिवला. तो होता टाचण्या खोचण्यासाठी, पण मुले त्याच्याशी खेळू लागली आणि त्यातून खेळण्यांचा कारखाना निघाला. १९०२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला. त्यांच्या ‘टेडी’ या लाडक्या नावावरून अस्वलाच्या खेळण्याला टेडी हे नाव पडले. पुढे नकली माल वाढला, तेव्हा १९०४ पासून स्टाइफच्या कारखान्याने आपल्या प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूचे बटण बसविले. बटण पाहून गिऱ्हाईक माल ओळखू लागले. खूण लहान असली तरी चालते, पण तिच्यामागे शब्द खरा हवा, एवढा धडा आपण त्यातून घ्यावा.

आत काय भरले आहे, ते आधी पाहा

आज बाजारात येणाऱ्या बहुतेक टेडीत पॉलिस्टरचा फायबर असतो. काहींत थर्माकोलचे बारीक दाणे असतात. घरी किंवा गावात शिवलेल्या जुन्या बाहुल्यांत कापूस किंवा चिंध्या असतात. हा फरक ओळखल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. फायबरचे खेळणे सबंध धुता येते, कारण फायबर पाणी धरून ठेवत नाही. कापूस मात्र पाणी पितो, त्याचे गठ्ठे होतात आणि आत कुबट वास सुटतो. कापसाचे खेळणे असेल तर शिवण उसवून कापूस बाहेर काढावा, खोळ वेगळी धुवावी, कापूस उन्हात वाळवून पिंजून घ्यावा आणि पुन्हा भरावा.

येथे आपल्या पिंजारी बांधवांचे काम येते. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि त्यांतून आजचे जळगाव आणि धुळे आले. दोन्हीकडे पीक कापसाचे आणि दोन्हीकडे गादी-उशी भरणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे. तयार फोमच्या गाद्या आल्यापासून या हातांचे काम घटले. बसलेला कापूस किंवा फायबर मोकळा करून खेळण्याला पुन्हा अंग देणे हे त्यांना शिकवावे लागणार नाही.

मालाची निवड

आलेल्या पोत्यातील मालाचे तीन ढीग करावेत. पहिल्यात धड माल, म्हणजे फक्त धुवायचा. दुसऱ्यात दुरुस्तीचा. तिसऱ्यात मोडीचा. ज्याला बुरशीचा वास येतो, ज्याचे कापड विरले आहे, ज्याला उंदराने कुरतडले आहे किंवा जे आजारी मुलाच्या अंथरुणातून आले आहे, ते थेट तिसऱ्या ढिगात टाकावे. त्याला विकूही नये आणि दान म्हणून पुढेही सरकवू नये. मोडीच्या ढिगातील ज्या खेळण्यांचा फायबर स्वच्छ आहे, त्यांचा फायबर धुऊन शिलाई मशीनच्या स्टुलावरील उशी किंवा टाचण्यांची गादी भरण्यास वापरता येतो.

नंतर प्रत्येक खेळणे बोटांनी सर्व बाजूंनी चाचपावे. आत टाचणी, तार किंवा तुटलेली सुई राहिलेली असू शकते. गाणे वाजणारे किंवा दिवा लागणारे खेळणे असेल तर शिवण उसवून डबी आणि बॅटरी काढून टाकावी. बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ‘चालू आहे, राहू द्या’ असे म्हणण्याची ही जागा नव्हे.

डोळे आणि नाक हा दुसरा धोका. प्लास्टिकचा डोळा ताकदीने ओढून पाहावा. थोडाही हलला तर काढून टाकावा आणि त्या जागी काळ्या दोऱ्याने डोळा भरावा. भरतकाम येणाऱ्या भगिनीला एक डोळा म्हणजे काही मिनिटांचे काम आहे. तीन वर्षांखालील मुलासाठी द्यावयाच्या खेळण्यावर तर मणी, बटण, घुंगरू, सुटी फीत यांपैकी काहीच ठेवू नये.

धुलाई : खानदेशी उन्हाचा फायदा

कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून फायबरचे खेळणे अर्धा तास भिजवावे, मऊ ब्रशने घासावे आणि फेस जाईपर्यंत निर्मळ पाण्यात खंगाळावे. धुळीतील सूक्ष्म किडे सुमारे ५५ ते ६० अंश तापमानाच्या पाण्यात मरतात. पण एवढे गरम पाणी प्रत्येक फरला सोसत नाही, म्हणून आधी एका कोपऱ्यावर तपासून घ्यावे. पिळताना खेळण्याला पीळ देऊ नये. टॉवेलात गुंडाळून दाबावे, किंवा उशीच्या खोळीत घालून मशीनच्या ड्रायरमध्ये फिरवावे. आपल्याकडे पाण्याची ओढ असते, तेव्हा रोज दोन-चार नग धुण्यापेक्षा नळाला पाणी येईल त्या दिवशी सगळा घाणा एकदम काढणे परवडते.

वाळवणीसाठी एप्रिल-मे महिन्यांतील आपले ऊन हे फुकटचे यंत्र आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. ढेकणांची शंका असलेला माल वेगळा काढून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि तापलेल्या पत्र्यावर दिवसभर ठेवावा. आतली उष्णता बाहेरच्या हवेपेक्षा बरीच वाढते. पावसाळ्यात मात्र धुलाई शक्यतो टाळावी. बाहेरून कोरडे दिसणारे खेळणे आतून ओले असते आणि आठवड्याभरात त्याला वास सुटतो. हे ओळखण्याची सोपी युक्ती अशी की, धुण्याआधी खेळणे तराजूवर तोलून वजन लिहून ठेवावे. वाळल्यावर वजन जास्त भरले, तर आत पाणी आहे.

हिशोब

आकड्यांशिवाय धंद्याची गोष्ट पुरी होत नाही, म्हणून एक नमुना घेऊ. समजा, ५० खेळणी सरासरी १० रुपयांना घेतली. झाले ५०० रुपये. त्यांपैकी १५ मोडीत गेली, ३५ विक्रीस उरली. पावडर, दोरा, पाणी, वीज यांचे २०० आणि जागेचे भाडे १०० धरले, तर खर्च ८०० रुपये झाला. सरासरी ५० रुपये नगाप्रमाणे १,७५० रुपये आले. शिल्लक ९५०. यात दोन माणसांचे दोन-दोन दिवस गेले असतील, तर एका माणसाला दिवसाला २४० रुपयांहूनही कमी पडतात. म्हणून आमच्या मते हा पोटापाण्याचा मुख्य धंदा नव्हे. शिलाईच्या दुकानात किंवा गादी भरण्याच्या कामात जे तास रिकामे जातात, त्यांचा हा जोडधंदा आहे. जो यासाठी कर्ज काढील किंवा मोठे दुकान घेईल, तो अडचणीत येईल.

कराबाबतही थोडे ध्यानात असावे. जुना माल विकत घेऊन विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला जीएसटीच्या नियमात अशी सवलत आहे की, खरेदीवरील करवजावट घेतली नसेल तर कर पूर्ण किमतीवर न लागता खरेदी आणि विक्री यांतील फरकावर लागतो. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणीची गरजच पडत नाही.

हंगाम आणि जागा

माल केव्हा येतो? दिवाळीच्या आणि रमजान ईदच्या आधी घरे झाडली जातात तेव्हा. त्या दिवसांत वस्तीत आधी सांगून ठेवावे. दिवाळीत गोळा केलेला माल धुऊन-शिवून ठेवला, तर लगेच कार्तिकी एकादशीला जळगावचा रथोत्सव असतो. १८७२ पासून चालत आलेल्या या उत्सवाला गावोगावचे लोक येतात. त्यानंतर दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, आणि चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा देवीची. यात्रेत आलेल्या शेतमजुराला आपल्या मुलाला काहीतरी घेऊन द्यायचे असते आणि खिशात पैसे मोजके असतात. नव्या टेडीसमोरून तो पुढे जातो. धुतलेला, शिवलेला जुना टेडी त्याच्या आवाक्यात येतो. फुले मार्केटच्या किंवा आग्रा रोडच्या दुकानदारांशी आपली स्पर्धा नाही, कारण आपले गिऱ्हाईक वेगळे आहे.

कायद्याची बाजू

१ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. परदेशी खेळण्यांवरील जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आली. त्यामुळे रस्त्यावर येणारा स्वस्त चिनी माल घटला. ही आपल्या कारागिरांना संधी आहे, पण जबाबदारीही आहे. जुनी खोळ आणि जुना फायबर जोडून ‘नवा माल’ तयार करणे, त्याला चकचकीत पिशवी घालणे आणि कुठूनतरी मिळवलेले चिन्ह चिकटवणे हा गुन्हा आहे. व्यवसाय वाढवायचा असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन नियमांची विचारपूस करावी. स्वतःच्या हाताने कापडी बाहुल्या शिवणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट दिलेली आहे. ज्यांच्या हातात कला आहे त्यांनी ही नोंदणी करून कारागिराचे ओळखपत्र जरूर घ्यावे.

दानाचा माल ही अमानत

शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुष्कळ लोक खेळणी विकत नाहीत, ‘गरीब मुलांना द्या’ म्हणून हातात देतात. तो माल अमानत आहे. गरिबांच्या नावाने घ्यायचा आणि यात्रेत विकायचा, ही सरळ फसवणूक झाली. विकण्यासाठी घेत असाल तर तसे तोंडावर सांगा, पाच-दहा रुपये का होईना, मोजून द्या. देण्यासाठी घेतले असेल तर तितकेच नग पोहोचवा. दोन्ही पोती वेगळी ठेवा आणि दोन्हींचा हिशोब वहीत लिहा.

देणाऱ्यांनीही विचार करावा. मळका, एका डोळ्याचा ससा अनाथाश्रमाच्या दारात ठेवून येणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या घरी टाकणे होय. जे आपल्या मुलाच्या हातात देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाच्या हातात देऊ नये. कामाची रीत पाहावयाची असेल तर मुंबईत २००४ मध्ये सुरू झालेल्या टॉय बँकेकडे पाहावे. खेळण्याकडे ही संस्था मुलाचा हक्क म्हणून पाहते. दिल्लीच्या गूंज संस्थेने १९९९ पासून जुने कपडे आणि वस्तू निवडून, दुरुस्त करून पोहोचविण्याची शिस्त घालून दिली. इराणमधील मशहद शहरात २०१५ मध्ये निघालेली कल्पना ‘माणुसकीची भिंत’ म्हणून महाराष्ट्रातील अनेक शहरांत आली. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या मोहिमेतून शहरोशहरी जुने कपडे, पुस्तके आणि खेळणी स्वीकारणारी केंद्रेही उघडली गेली. अशा ठिकाणी माल नेऊन देण्यापूर्वी ते काय घेतात, हे विचारून जावे. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात तर परवानगीशिवाय मऊ खेळणे ठेवूच नये, कारण एकाच खेळण्यावर अनेक मुलांचे हात आणि तोंडे लागतात.

विक्रीच्या पाटावर एक पुठ्ठा लावावा : ‘वापरलेली खेळणी. धुतलेली, तपासलेली.’ कुठे टाका घातला आहे, ते गिऱ्हाइकाने विचारण्याआधी दाखवावे. खोट लपवून विकलेल्या एका नगाने पन्नास रुपये मिळतील, पण त्या गावच्या पुढच्या यात्रेत आपल्या पाटासमोर कोणी थांबणार नाही. खोट दाखवून विकलेला नग मात्र दहा रुपये कमी आणील आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक शेजाऱ्याला घेऊन येईल.