देशाबाहेर काढण्याची नोटीस आणि घटनेतील एक शब्द

साकोलीहून नवेगावबांधकडे आणि तेथून पुढे अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेले की गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत लागते. १९७२ साली ती वसली तेव्हा हा सारा मुलूख आपल्या भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. हिवाळा लागला की स्वेटरांची दुकाने मांडणारे हे बौद्ध बांधव आपल्या ओळखीचे आहेत. त्यांची मुले इथेच जन्मली, इथेच वाढली. तरी सरकारदप्तरी त्यांच्यातील अनेकजण आजही परकीय म्हणूनच नोंदलेले आहेत. उद्या त्यांच्यापैकी कुणाला ‘देश सोडा’ अशी नोटीस आली, तर कायद्यात त्याला काही आधार आहे काय?

आधार आहे आणि तो घटनेतच आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने शब्द मोजून वापरले. देशात कुठेही राहण्याचा हक्क देणारे कलम १९ ‘नागरिकां’साठी आहे. पण कायद्यापुढे समानता देणारे कलम १४ आणि जीवित व स्वातंत्र्याचे रक्षण करणारे कलम २१ यांत ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. व्यक्ती म्हणजे कोणीही माणूस, मग तो कुठल्याही देशाचा असो.

चकमा बांधवांचा खटला

या एका शब्दाने हजारो बौद्ध कुटुंबे वाचली. पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर कापताई धरण झाले, त्यात चकमा लोकांची शेते-घरे बुडाली. १९६४ पासून ते भारतात आले व आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविले गेले. पुढे तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडण्याची धमकी दिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला : नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे; नागरिकत्वाचे अर्ज प्रलंबित असताना चकमांना हुसकावता येणार नाही.

मात्र या ढालीला मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. ८ एप्रिल २०२१ रोजी रोहिंग्या निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क हा कलम १९ मधील वास्तव्याच्या हक्काला जोडलेला आहे, म्हणजे तो नागरिकांचाच. परकीयाला देशाबाहेर काढता येते. पण कायद्याने ठरविलेली रीत पाळूनच.

जन्मतारखेचे महत्त्व

म्हणून सर्वांत भक्कम बचाव एकच : मी नागरिकच आहे, हे दाखविणे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याचे आई किंवा वडील नागरिक असावे लागतात. त्यापुढे जन्मलेल्यांचे दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. १९८६ मध्ये भारतात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला पासपोर्ट नाकारला गेला, तेव्हा याच तारखेच्या बळावर डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भारतीय नागरिक असल्याचा निर्णय दिला.

पुराव्याचे ओझे

चोरीच्या खटल्यात पोलिसांना गुन्हा सिद्ध करावा लागतो. इथे उलटे आहे. ‘मी परकीय नाही’ हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच असतो. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात हे कलम होते आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. पण आसामच्या एका प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, हाती काही ठोस आधार असल्याशिवाय कुणालाही उचलून ‘नागरिकत्व सिद्ध कर’ म्हणता येणार नाही. नावाच्या वर्णलेखनातील वा तारखेतील किरकोळ फरकावरून माणूस परका ठरत नाही.

हे सारे परक्यांचे प्रश्न आहेत, असे कुणी समजू नये. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात कामाला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीयच निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. सुनावणी नीट झाली असती तर ही पाळी आली नसती. आपलीही मुले नागपूर, पुणे, सुरतेला मजुरीला जातात. आधारवर बापाचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे कागद आम्ही घरोघरी पाहतो.

तेव्हा माता-भगिनींनो, घरातील जन्मनोंद, दाखल-खारीजचा उतारा, आजोबांच्या वेळच्या कोतवाल बुकाची नक्कल, जुन्या मतदारयादीची प्रत एका पिशवीत जपून ठेवा. नावातील चुका वेळीच दुरुस्त करून घ्या. नोटीस आली तर ती लेखी मागा, तारीख चुकवू नका, न वाचता सही करू नका. अटक झाल्यास २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे आणि वकील भेटू देणे कलम २२ प्रमाणे बंधनकारक आहे. कोठडीतील माणसाला, स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील मोफत मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. आणि गोठणगावच्या एखाद्या तिबेटी कुटुंबावर अशी वेळ आली, तर त्यांच्या सोबत कचेरीपर्यंत चला.