झेप घेण्याआधीचा हिशेब

पॅरिसच्या दक्षिणेकडच्या लीस गावात दाविद बेल आणि त्याच्या सोबत्यांनी पार्कूर हा खेळ घडवला. भिंतीवरून भिंतीवर झेपावणारे हे खेळाडू बेफाम वाटतात, पण त्यांचा हिशेब काटेकोर असतो. आधी दोन कठड्यांमधलं अंतर बुटाच्या मापाने मोजायचं, मग तेवढंच जमिनीवर आखून उडी मारायची. पाय प्रत्येक वेळी रेषेवर नेमके पडू लागले, तरच वर चढायचं. कठडा ओला किंवा सैल तर नाही ना, हे पाहायचं. उडी हुकली तर पडणार कुठे, तेही आधीच ठरवायचं.

अंतर तेच असलं तरी उंचीमुळे चुकीची किंमत वाढते. एक मीटरवरून पडलेलं शरीर ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने आदळतं. उंची दुप्पट झाली, की जिरवावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. म्हणून उंची टप्प्याटप्प्यानेच वाढवायची.

सरावाने नजरही बदलते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुरलेल्या पार्कूरपटूंना भिंती नवख्यांपेक्षा बुटक्या भासल्या होत्या. तरीही उडी कितपत जमेल याचा अंदाज पायाने तपासलेला बरा. नुसत्या हिमतीवर विसंबू नये.