शंभर नाथसागर, एका तुकड्यात!

सप्टेंबर २०१९. अंटार्क्टिकाच्या पूर्व भागात अॅमेरी आइस शेल्फचा एक तुकडा तुटला आणि समुद्रात निघाला. नाव डी-२८, क्षेत्रफळ सुमारे १,६३६ चौरस किलोमीटर, वजन अंदाजे ३१५ अब्ज टन. आकडा डोक्यावरून गेला? मग आपल्या भाषेत सांगतो. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरला की त्यात साधारण १०२ टीएमसी पाणी मावतं. असे शंभरहून जास्त नाथसागर त्या एका तुकड्यात होते! आठ-आठ दिवस नळाची वाट पाहणाऱ्या आपल्या शहराने उसासा सोडायला हरकत नाही.

या शेल्फला बर्फ पुरवते लॅम्बर्ट हिमनदी, जगातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी एक. लांबी ४०० किलोमीटरहून जास्त, म्हणजे इथून मुंबई गाठूनही उरेल. जाडी काही ठिकाणी अडीच किलोमीटर. त्यात आपलं कळसूबाई उभं केलं, तर शिखरसुद्धा दिसणार नाही. आणि हा सगळा बर्फ चालतो! वर्षाला साधारण ४०० ते ८०० मीटर, म्हणजे दिवसाला एक-दोन मीटर. समुद्राशी पोचला की तो पाण्यावर तरंगू लागतो. तोच आइस शेल्फ.

पुढे सरकणारा बर्फ कधीतरी तुटणारच. अॅमेरीचा याआधीचा असा मोठा तुकडा १९६०च्या दशकात सुटला होता. त्यामुळे डी-२८ चं खापर शास्त्रज्ञांनी हवामानबदलावर फोडलं नाही. शिवाय तो आधीच तरंगत होता, त्याच्यामुळे समुद्राची पातळी वाढली नाही. खरी काळजी जमिनीवरच्या बर्फाची. तो जास्त वेगाने समुद्रात उतरू लागला, तर मुंबई-कोकणापर्यंत हिशेब पोचेल.

अॅमेरी शेल्फ ज्या प्रिड्झ उपसागरात उतरतो, त्याच्याच काठी लार्समन टेकड्यांवर २०१२ पासून भारताचं 'भारती' स्टेशन आहे. गोंडवाना फुटण्याआधी हा किनारा आपल्या पूर्व किनाऱ्याला चिकटलेला होता. तिथले आणि आपल्या पूर्व घाटातले खडक जुळतात. वेरूळ-अजिंठ्याचा बेसॉल्ट मात्र तिकडे शोधू नका, तो नंतरचा. तेव्हा आपण केव्हाच सुटून उत्तरेकडे निघालो होतो.

जायचंय? मोहिमांचं काम गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. आणि हो, फक्त जिऑलॉजीवालेच लागतात असं नाही. डॉक्टर, मेकॅनिक आणि स्वयंपाकीही जातात.