मेडिकलमध्ये नाव का विचारतात?

नेवाशातल्या मेडिकलमध्ये ट्रामाडॉल या वेदनाशामकाची चिठ्ठी दिली की फार्मासिस्ट वेगळं रजिस्टर काढतो. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, गोळ्या किती. वर्षानुवर्षं कंबरदुखी सोसणाऱ्याला ही चौकशी मनाला लागते, पण तो संशय नव्हे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’ या औषधयादीच्या नियमानुसार ही नोंद तीन वर्षं जपावी लागते. २०१८मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आलं. म्हणून रिकामी स्ट्रिप दाखवू नका, मूळ चिठ्ठीच न्या.

मॉर्फिन हे आणखी तीव्र वेदनाशामक साध्या दुकानात सहसा नसतंच. पूर्वी त्यासाठी रुग्णालयांना अनेक परवाने लागत. याच अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या २०१४च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरते. कर्करोगाच्या रुग्णाला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवत असाल, तर वेदनाशामक औषधाबद्दल तिथल्या डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा.