हेक्टरात न मावणारी वाडी

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा कोरोनाची टाळेबंदी चालूच होती. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यानं श्रीवर्धन, मुरूडपासून मंडणगड, दापोलीपर्यंत नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. अशा वेळी पत्रे, धान्य, ताडपत्र्या बाहेरून याव्याच लागतात. वाडी पुन्हा उभी करण्याचा कारभार मात्र गावाकडे हवा. गावाचं कौतुक म्हणून नव्हे, ती गरज वाडीच्या रचनेतच आहे.

आधी भरपाई पाहू. फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर झाले, पण किनाऱ्यावरच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठेवाल्याच्या हाती त्या हिशेबानं जेमतेम पाच हजार. ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला : सुपारीला 50 रुपये, नारळाला 250. सुपारीची शंभर झाडं गेली, तरी पुन्हा पाच हजारच! आणि नवं रोप धरायला पाच-सात वर्षं. तरीही झाडाचा हिशेब हेक्टरापेक्षा खरा, फक्त तो करणार कोण? रस्ता मोकळा करायला पडलेली खोडं तोडून बाजूला ओढली, की पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्याला मोकळी जमीन दिसते. तिथं काय उभं होतं, हे शेजारच्या वाडीवाल्याला ठाऊक असतं.

त्या शेजाऱ्याचं हितही यात गुंतलेलं आहे. नारळाची खोडं कुजत पडली की त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि वाचलेल्या माडांचे कोंब पोखरतो. त्याला बांध कळत नाही. सुपारीचं तर सावलीवाचून चालत नाही. पश्चिमेकडची उंच झाडं गेली की उभ्या पोफळींची खोडं उन्हानं करपतात, मग ती झाडं दुसऱ्याच्या मालकीची का असेनात. म्हणून साफसफाई, आधी केळी लावून सावली करणं, मग रोपं, हे आळीनं मिळून करायचं काम आहे. एकट्यानं केलेला खर्च शेजारच्या कुजक्या ढिगापायी वाया जाऊ शकतो.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे : गावकी म्हणजे काही रामराज्य नव्हे. सामाईक सातबाऱ्यावर मुंबईच्या हिस्सेदारांची नावं असतात, वाडी शिंपणारा भलताच असतो. सुपारी सोलणाऱ्या बाईचं तर कुठल्याच कागदावर नाव नसतं. पंचांनी बंद खोलीत यादी केली तर ती सरकारी यादीपेक्षाही वाईट निघेल. म्हणून यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जावी, चावडीवर लागावी आणि बुडालेल्या मजुरीचा रकाना त्यात वेगळा असावा. दुसरी भीती अशी, की गाव करतंय म्हटल्यावर सरकार हात झटकेल. पण विजेचे खांब उभारणं, शाळांची छपरं घालणं हे लोकवर्गणीचं काम नाही, आणि तसं कुणी सुचवूही नये. पैसा सरकारचाच हवा. तो कुठल्या क्रमानं खर्चायचा, एवढंच गावानं ठरवावं.

त्याला नवं खातं काढायला नको. रोजगार हमीतून फळबाग लावण्याची योजना महाराष्ट्रात 1990 पासून आहे. खोडं उचलण्यापासून खड्ड्यांपर्यंतची मजुरी तिच्यातून आळीच्या आळीला मिळाली, तर जिच्या नावावर एकही झाड नव्हतं तिलाही त्या वाडीत काम मिळेल. यात दिरंगाई परवडत नाही : वर्ष पुरं व्हायच्या आत, मे 2021 मध्ये, ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून गेलं.