विम्याचे छत्र आणि वगळलेल्या बाबी

२०२० साली करोनाची साथ पसरली तेव्हा वर्षानुवर्षे आरोग्यविम्याचे हप्ते भरणाऱ्या मध्यमवर्गीयास एका गोष्टीचा दिलासा होता: रोग जडलाच तर निदान रुग्णालयाच्या बिलाची काळजी नाही. विमा नियामक प्राधिकरणानेही ४ मार्च २०२० रोजी परिपत्रक काढून, करोनाचे दावे त्वरेने निकालात काढावेत आणि कोणताही दावा नाकारण्यापूर्वी त्याची कसून छाननी करावी, असे कंपन्यांना बजावले. दार उघडे होते. ठेच लागली ती उंबरठ्यावर.

पीपीई किट, हातमोजे, मुखपट्ट्या या वस्तू अनेक पॉलिसींच्या यादीत ‘बिगर-वैद्यकीय’ म्हणून वगळलेल्या होत्या. एरवी ही रक्कम किरकोळ असते. परंतु ज्या रोगात तो पोशाख चढविल्यावाचून परिचारिकेस खाटेजवळ जाता येत नाही, तेथे तो उपचाराचाच भाग नव्हे काय? बिलात दररोज वाढत जाणारा हा आकडा रुग्णाच्या माथी बसला.

दुसरा फटका खोलीभाड्याचा. तीन लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३००० रुपये, असेल आणि खोली ६००० रुपयांची मिळाली, तर केवळ भाडेच नव्हे, डॉक्टरांचे शुल्कही त्याच प्रमाणात निम्मे होते. साथीच्या दिवसांत रुग्ण खोली निवडत नाही; मिळेल ती खाट पत्करतो. औषधे व तपासण्यांना ही कात्री लावू नये, असे प्राधिकरणाने जून २०२० मध्ये सांगितले. पण अंमलबजावणी ऑक्टोबरपासून पुढे व्हावयाची होती.

१० जुलै २०२० पासून ‘कोरोना कवच’ ही प्रमाणित पॉलिसी आली. पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंतच्या या विम्यात पीपीई किटचा खर्च आणि चौदा दिवसांपर्यंतचे घरचे उपचारही समाविष्ट होते. उपाय स्वागतार्ह खरा; पण त्यातच जुन्या व्यवस्थेची कबुली होती. दहा वर्षे हप्ते भरणाऱ्यास जे मिळत नव्हते, ते साडेतीन महिन्यांच्या नव्या विम्यात मिळू लागले. त्यासाठी त्याने पुन्हा पैसे मोजावयाचे होते.

सर्वच खर्च सामावून घेतल्यास हप्ते वाढतील, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. विमा हा अखेर हिशेबाचा व्यवहार आहे. परंतु कराराचा मसुदा एकच पक्ष तयार करतो आणि दुसरा केवळ सही करतो, तेव्हा हिशेबाबरोबर न्यायाचाही विचार करावा लागतो. शासनाने साथ जाहीर केली की, तिच्या नियमांनी सक्तीची ठरलेली प्रत्येक वस्तू उपचारखर्चातच धरली जाईल, असे कलम प्रत्येक पॉलिसीत असावयास हवे. काय वगळले आहे, तेही विक्रीच्या वेळीच ग्राहकाच्या भाषेत, ठळक अक्षरांत सांगितले पाहिजे.

१८९६ च्या मुंबईतील प्लेगने या देशाला साथीचा कायदा दिला. करोनाने निदान विम्याचा एक न्याय्य करार तरी द्यावा. पुढची साथ पूर्वसूचना देऊन येणार नाही.