विद्युत जोडणीतील खटका : मोहोळ परिसरातील सौर कृषिपंप व ऊसवाहतूक यांच्या संदर्भात

प्रस्तावना

विजेच्या उपकरणांविषयी लिहिताना मोटार, तारा, फ्यूज यांची चर्चा विस्ताराने होते. प्लग आणि सॉकेट मात्र दुर्लक्षित राहतात. वास्तविक अखंड तारेपेक्षा जोड हाच विद्युतमंडलाचा दुबळा भाग असतो. आपल्या घरांतील तीन पिनांचा प्लग हा 'आय.एस. १२९३' या भारतीय मानकाचा असून त्याला सॉकेटमध्ये धरून ठेवणारे काहीही नसते. पितळी पिना आणि आतील स्प्रिंगपट्ट्या यांचे घर्षण, एवढाच काय तो आधार. पिना सैल झाल्या की त्यांच्या मधल्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून त्या फाकवणे, किंवा प्लगच न वापरता उघड्या तारा काडीने सॉकेटमध्ये खोचणे, हे उपाय ग्रामीण भागात प्रत्येकाने पाहिलेले आहेत. हे प्रकार धोकादायक आहेतच. पण साध्या घर्षणावर जोडणी टिकत नाही, हे अनुभवाने कळल्याचीही ती खूण आहे.

प्रस्तुत लेखात प्लग जागेवर घट्ट धरून ठेवणाऱ्या रचनांचे तत्त्व सांगून मोहोळ तालुक्यात नित्य दिसणाऱ्या दोन उदाहरणांवर ते तपासले आहे. पहिले उदाहरण सौर कृषिपंपाचे आणि दुसरे उसाच्या ट्रेलरच्या दिव्यांचे.

संपर्क म्हणजे काय

दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर टेकले असे आपण म्हणतो, तेव्हा ते प्रत्यक्षात काही सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेले असतात. सर्व प्रवाह त्या मोजक्या बिंदूंतून जातो. दाब वाढला की बिंदू वाढतात व संपर्करोध घटतो. उलट जोडणी हलत राहिली, तर काही मायक्रॉनच्या हालचालीनेही पृष्ठभागावरील मुलामा घासला जातो, उघड्या धातूवर ऑक्साइड साचते आणि रोध वाढत जातो. म्हणून 'प्लग निसटू नये' ही खटक्याची अर्धीच कामगिरी होय. तो निसटण्यापूर्वी हलूही नये, हा उरलेला आणि अधिक अवघड भाग आहे.

फिरवून बसवण्याची रचना आपल्याला घरातल्या बल्बच्या होल्डरमुळे परिचित आहे. बल्ब आत दाबायचा, थोडा फिरवायचा आणि सोडायचा. होल्डरमधील स्प्रिंगा त्याला मागे ढकलतात आणि दोन्ही बाजूंच्या पिना खाचेच्या वळलेल्या टोकात अडकतात. जी स्प्रिंग संपर्काला दाब देते तीच कुलपाचेही काम करते. इतकी साधी व इतकी शहाणी रचना क्वचितच आढळते. अमेरिकेतील हबेल कंपनीचे वळवून अडकणारे प्लग याच कुळातले. कारखान्यांत दिसणारे निळे (२३० व्होल्ट) व लाल (४०० व्होल्ट) औद्योगिक प्लग वेगळ्या तऱ्हेने धरले जातात : सॉकेटच्या झाकणाचा आकडा प्लगवरील उंचवट्यामागे अडकतो.

दुसरी मोठी तऱ्हा म्हणजे प्लॅस्टिकच्या लवचीक जिभेचा खटका. संगणकाच्या नेटवर्क केबलला तो असतो, आणि ती जीभ तुटलेली केबल प्रत्येक महाविद्यालयाच्या संगणक कक्षात सापडते. ती का तुटते, याचे गणित सोपे आहे. जिभेची जाडी t, लांबी L आणि वाकण्याचे अंतर y असेल, तर तिच्या मुळाशी येणारी विकृती सुमारे १.५ × t × y ÷ L² इतकी असते. जाडी १.५ मिमी, वाकणे १ मिमी आणि लांबी १० मिमी धरल्यास विकृती २.२५ टक्के येते. लांबी १५ मिमी केली की ती १ टक्क्यावर उतरते. लांबी दीडपट केल्याने ताण निम्म्याहून कमी होतो. तरीही जागा वाचवण्यासाठी जीभ आखूड केली जाते. मुळाशी गोलाई न देता काटकोन ठेवला, तर ताण तेथे एकवटून जीभ आणखी लवकर तुटते. जिभेच्या दाताला आत जाताना मंद उतार आणि बाहेर येताना जवळजवळ काटकोन देतात. त्यामुळे जोडणे सहज होते आणि ओढून काढणे कठीण.

सौर कृषिपंप

पी.एम. कुसुम योजना २०१९ मध्ये आणि राज्य शासनाची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून सीनाकाठच्या शिवारात सौर पॅनेलांच्या रांगा दिसू लागल्या आहेत. पॅनेल, पंप, कंट्रोलर यांची माहिती शेतकऱ्याला दिली जाते. पॅनेलांच्या पाठीमागे लोंबणाऱ्या काळ्या जोडण्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या जोडण्या 'एमसी-४' या नावाने ओळखल्या जातात. मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीच्या नावाची आद्याक्षरे आणि ४ मिमी व्यासाचा संपर्क यांवरून हे नाव आले. एका भागाच्या दोन जिभा दुसऱ्या भागात शिरतात व बाजूच्या खिडक्यांत 'टक्' असा आवाज करून उघडतात. बोटांनी त्या सुटू नयेत अशी रचना असते. दोन दातांची विशेष किल्ली दोन्ही खिडक्यांत एकाच वेळी दाबावी लागते. अमेरिकेच्या विद्युत संहितेने २००८ च्या आवृत्तीत, सहज हाताशी येणाऱ्या ३० व्होल्टवरील सौर जोडण्यांना अवजाराशिवाय न उघडणारे कुलूप आवश्यक ठरवले.

एवढी कडक अट का, हे समजण्यास दिष्ट प्रवाहाचा स्वभाव पाहावा लागतो. आपल्या घरातील ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि प्लग ओढताना उठलेली ठिणगी त्या क्षणी विझण्याची संधी असते. दिष्ट प्रवाहाला अशी शून्याची वेळ नाही. प्रत्येकी सुमारे ३८ व्होल्टची दहा पॅनेल एकसर जोडल्यास ३८० व्होल्ट होतात. चालू पंपाची अशी जोडणी ओढली, तर ठिणगीची सलग ज्योत होते आणि ती प्लॅस्टिक वितळवू शकते. शिवाय ऊन आहे तोवर पॅनेल 'बंद' करता येत नाही.

त्याहून कपटी बाब अर्धवट बसलेल्या जोडणीची आहे. चांगल्या जोडणीचा रोध अर्ध्या मिलिओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ९ अँपिअर प्रवाहात तेथे फक्त ०.०४ वॅट उष्णता निर्माण होते. खटका पूर्ण न लागल्याने, किंवा तार नीट क्रिंप न झाल्याने, रोध ०.५ ओहम झाला तर तीच उष्णता सुमारे ४० वॅट होते, आणि तीही अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या आत. व्होल्टेज घटते केवळ ४.५ व्होल्टने, म्हणजे ३८० मधले साडेचार! पंप नेहमीसारखे पाणी देत राहतो. प्रवाह वाढलेला नसल्याने फ्यूजही उडत नाही. बिघाडाची वार्ता देणारे कोणीच नसते. जोडणी काळवंडलेली किंवा वितळलेली दिसते तेव्हाच तो कळतो. सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते, त्यामुळे प्लॅस्टिकच्या जिभेची लवचीकताही वर्षागणिक कमी होते.

येथे एक व्यावहारिक अडचण नमूद करणे आवश्यक वाटते. पॅनेलला एका उत्पादकाची आणि कंट्रोलरकडे जाणाऱ्या तारेला दुसऱ्याच उत्पादकाची जोडणी लावलेली असते. दोन्ही 'एमसी-४ सारख्या' असतात, एकमेकांत बसतात, आवाजही येतो. परंतु खटका जुळला म्हणजे आतील संपर्काची मापे, मुलामा आणि रबरी कड्याचा दाब जुळलाच असे नाही. अशा बाह्य साम्याला सुसंगती समजणे ही आजच्या उभारणीतील सर्वांत सामान्य चूक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उसाचा ट्रेलर

गळीत हंगामात अनगर, टाकळी सिकंदर येथील कारखान्यांकडे आणि पुणे-सोलापूर महामार्गावर दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागचा ट्रेलर अंधारात दिसला नाही तर काय होते, हे येथील दुचाकीस्वारांना सांगावे लागत नाही. ट्रेलरचे दिवे सात पिनांच्या प्लगमधून जोडण्याची 'आय.एस.ओ. १७२४' ही आंतरराष्ट्रीय रचना आहे. सॉकेटला स्प्रिंगचे झाकण असते व झाकणाची आतली कड प्लगवरील उंचवट्यामागे अडकते. प्लग नसताना हेच झाकण धूळ व चिखल थोपवते. झाकण तुटले की कुलूप आणि संरक्षण दोन्ही एकदम जातात. मग प्लग सुतळीने बांधणे किंवा तारा पिळून चिकटपट्टी लावणे सुरू होते.

या सातांपैकी तिसरी पिन सर्व दिव्यांचा परतीचा मार्ग आहे. २१ वॅटचे दोन ब्रेकदिवे व ५ वॅटचे दोन मागचे दिवे मिळून १२ व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह तिच्यातून परततो. तिच्यात फक्त एक ओहम रोध आला, तर ढोबळ हिशेबाने दिव्यांना ९ व्होल्टच्या आतच मिळतात. तंतुदिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताने घटत असल्यामुळे तो एक-तृतीयांशावर येतो. दिवा 'चालू' आहे, एवढीच नोंद चालक घेतो.

मात्र येथे सौर जोडणीसारखे अवजाराने उघडणारे कुलूप चालणार नाही. कड्यातून ट्रेलर सुटला, तर तारा मुळापासून उपटण्याऐवजी प्लगने निसटावे, हेच योग्य. म्हणून झाकणाची स्प्रिंग गचक्यांना पुरून उरेल पण निर्वाणीच्या ओढीला शरण जाईल, अशा बेताची ठेवावी लागते. ॲपल कंपनीने २००६ मध्ये लॅपटॉपसाठी आणलेला चुंबकी प्लग या विचाराचे दुसरे टोक होय : पाय अडकला तर तार सुटावी, यंत्र खाली पडू नये. शिवाय कोणत्याही खटक्याला केबलचे वजन वाहू देऊ नये. ते प्लगच्या मागील पकडीने घ्यावे आणि वळणांवर ताण येणार नाही एवढी केबल मोकळी सोडावी.

दोन्ही जोडण्यांची तपासणी साध्या साधनांनी होते. ट्रेलरचे सर्व दिवे लावून मल्टीमीटरचे एक टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या ऋण अग्राला आणि दुसरे ट्रेलरच्या सांगाड्याला लावावे; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास परतीची पिन साफ करावी. सौर पंपाबाबत पंप भर दुपारी चालू असताना अवरक्त तापमापी एकेका जोडणीवर रोखावा. शेजारणींपेक्षा एखादी जोडणी लक्षणीय गरम आढळली, तर आधी कंट्रोलर थांबवून दिष्ट प्रवाहाचा स्विच बंद करावा. त्यानंतर ती जोडणी सूर्योदयापूर्वी किंवा पॅनेल झाकून, तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावी. ती दाबून पुन्हा 'टक्' करून ठेवू नये, कारण एकदा तापलेल्या संपर्कातील स्प्रिंगचा जोर परत येत नाही.